लाइट रेलवर ७८ टक्के खूश, बसवर ६८: या आकड्यांचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. शहराच्या वार्षिक सर्वेक्षणात लाइट रेलचे (म्हणजे शहरात रुळांवरून धावणाऱ्या ट्रामसारख्या हलक्या गाडीचे) ७८ टक्के प्रवासी समाधानी निघाले, बसचे ६८ टक्के. दोन्ही आकडे गेल्या वर्षीपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वर गेले आहेत. तरी तक्रारी मात्र वाढतच आहेत. मग लोकांचं खरं मत कोणतं मानायचं, आणि पुढचं सर्वेक्षण नीट करायचं तर कसं?

आधी त्या दहा टक्क्यांचा निकाल लावू. रेल बसपेक्षा दहा टक्क्यांनी चांगली आहे, असं यावरून लगेच म्हणता येत नाही. समजा, बस असो की रेल, गर्दीच्या वेळी ६० टक्के लोक समाधानी असतात आणि एरवी ८५ टक्के. म्हणजे दोन्ही सेवा तंतोतंत सारख्या आहेत. आता बसच्या १००० प्रतिसादांपैकी ७०० सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत घेतले आणि ३०० दुपारी, तर बसचा आकडा येतो ६७.५. रेलचे ३०० गर्दीत घेतले आणि ७०० दुपारी, तर तो येतो ७७.५. सेवेत काडीचा फरक नाही आणि अहवालात दहा टक्क्यांची दरी! म्हणून जुन्या अहवालामागचा तक्ता मागवा: सेवा, वेळ आणि वार यांच्या प्रत्येक खान्यात किती प्रतिसाद होते? तो मिळत नसेल तर बस आणि रेलची तुलना अहवालातून काढून टाका.

वर्षागणिक झालेली दोन-तीन टक्क्यांची वाढही तशीच. ६०० जणांच्या साध्या यादृच्छिक, म्हणजे सोडतीने निवडलेल्या नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर चुकीची मर्यादा सुमारे ४ टक्के असते, वर आणि खाली: शंभरपैकी ९५ वेळा नमुन्याचा आकडा खऱ्या आकड्याच्या इतक्या जवळ येतो. असे दोन नमुने एकमेकांतून वजा केले की फरकाची मर्यादा जाते ५.७ वर. तुमची ‘वाढ’ त्याच्या निम्मीच आहे. तिच्यावर पत्रकार परिषद घ्यायची की नाही हा वेगळा विषय, पण धोरण तरी ठरवू नका.

गाडीत विचारलं की कोण सापडतं

अनेक शहरांत सर्वेक्षक गाडीत चढतात आणि प्रश्नावली भरून घेतात. स्वस्त आणि जलद काम आहे, पण यात माणसं निवडली जात नाहीत, फेऱ्या निवडल्या जातात. हजार माणसं आठवड्याला दहा वेळा प्रवास करणारी आणि दुसरी हजार माणसं आठवड्याला दोनदा प्रवास करणारी असतील, तर गाडीत पहिल्या गटातली पाच माणसं भेटतात तेव्हा दुसऱ्या गटातलं एक भेटतं. रोजच्यांपैकी ६० टक्के आणि अधूनमधून येणाऱ्यांपैकी ८० टक्के समाधानी असतील, तर गाडीतला आकडा येईल ६३ आणि माणसं मोजली तर ७०. दोन्ही बरोबर आहेत. पहिला सांगतो की एकूण फेऱ्यांपैकी किती चांगल्या पार पडल्या, दुसरा सांगतो की प्रवाशांपैकी किती जण खूश आहेत. अहवालात कोणता छापला आहे ते लिहिलेलं नसतं, भांडणं तिथून सुरू होतात.

जो बस सोडून दुचाकीवर गेला तो तर गाडीत भेटणारच नाही. रात्री भीती वाटते म्हणून जी आठनंतर बाहेरच पडत नाही, ती रात्रीच्या फेरीतल्या नमुन्यात नसते. त्यामुळे रात्रीच्या सुरक्षिततेचा आकडा नेहमी असावा त्यापेक्षा गोंडस येतो. चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणारे हजारांच्या नमुन्यात बोटांवर मोजण्याइतके सापडतात. त्यांच्या उत्तरांची टक्केवारी काढणं हास्यास्पद आहे. त्यांच्यासाठी वेगळ्या पंचवीस-तीस सविस्तर मुलाखती ठेवा आणि शक्य झाल्यास त्यांच्याबरोबर एक फेरी करा. रॅम्प उघडतो का, चालक गाडी फलाटाला किती जवळ लावतो, हे प्रश्नावलीपेक्षा तिथे जास्त कळतं.

याहून मोठी गोची गर्दीची आहे. बस खचाखच भरली की सर्वेक्षकाला पुढे सरकता येत नाही. उभ्या माणसाच्या एका हातात दांडा, दुसऱ्यात पिशवी. तो लिहिणार कसा? अशा फेरीत प्रश्नावलीची चार कार्डं भरून येतात, मोकळ्या फेरीत चाळीस. सर्वांत वाईट सेवा नमुन्यातून अशी चुपचाप गळते आणि समाधान आपोआप वाढतं. दोन-तीन थांबे जाणाऱ्यांचंही तेच, प्रश्न संपायच्या आत ते उतरलेले असतात. लाइट रेलचे डबे रुंद, थांबे लांब-लांब, बसायला जागा जास्त. तिथे कार्डं भरून घेणं सोपं. बस आणि रेलमधल्या फरकाचा एक भाग इथेच तयार होतो.

उपाय अवघड नाही. कार्ड चढताना हातात द्या. त्यावर छापील क्रमांक आणि क्यूआर कोड असू द्या, ते नंतर घरून भरता आलं पाहिजे, आणि दिलेल्या प्रत्येक कार्डाची नोंद ठेवा. किती दिली, किती परत आली, किती जणांनी घेतलीच नाहीत, हे फेरीनिहाय लिहिलं की कुठे गळती आहे ते दिसतं. ‘चढणाऱ्यांपैकी प्रत्येक तिसरा’ असा नियम घालून द्या. तो नसेल तर सर्वेक्षक हसऱ्या चेहऱ्याच्या, बसलेल्या, तरुण माणसाकडेच जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कोणीही तेच करेल.

दहा मिनिटांची बस

मतं आणि वेळापत्रक यांचं का जुळत नाही, याचं सर्वांत मोठं कारण थांब्यावर आहे. एक मार्ग घ्या: तासाला सहा बस, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. सगळ्या वेळेवर आल्या तर थांब्यावर कधीही येणारा माणूस सरासरी पाच मिनिटं थांबतो. आता त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या असं धरा: अठरा मिनिटं काही नाही, मग एक बस, दोन मिनिटांत तिच्या पाठोपाठ दुसरी, पुन्हा अठरा मिनिटं. तासाला बस अजूनही सहाच. आगारातल्या नोंदीत सर्व फेऱ्या झाल्या, रद्द एकही नाही.

प्रवाशाच्या बाजूने हिशेब करा. प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. १८ चा वर्ग ३२४, २ चा वर्ग ४, बेरीज ३२८. अंतरांची बेरीज २०, दुप्पट ४०. उत्तर ८.२ मिनिटं. पाचऐवजी ८.२. ही जादा ३.२ मिनिटं म्हणजे ‘जादा प्रतीक्षा’. लंडनमध्ये तासाला पाच किंवा त्याहून जास्त बस धावणाऱ्या मार्गांवर बसचालक कंपन्यांचं काम याच मापाने मोजतात. त्याहून विरळ मार्गांवर लोक वेळापत्रक पाहून येतात, म्हणून तिथे वक्तशीरपणा मोजायचा. दोन्हीकडे एकच माप लावणं ही नेहमीची चूक आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. वीस मिनिटांच्या त्या चक्रात अठरा मिनिटांच्या अंतरात येणारे प्रवासी ९० टक्के. ते सगळे पहिल्या बसमध्ये कोंबले जातात. दुसरीला उरतात १० टक्के. अधिकारी बस मोजतो: अर्ध्या बस जवळजवळ रिकाम्या. प्रवाशांना विचारा: दहापैकी नऊ सांगतील की बस उशिरा आली आणि तुडुंब भरलेली होती. कोणीच खोटं बोलत नाही. ‘लोक उगाच ओरडतात, गाड्या तर रिकाम्या धावतात’ हे वाक्य बैठकीत ऐकू आलं की समजावं, मोजणारा गाडीत बसलाय आणि ओरडणारा थांब्यावर उभा आहे.

मार्ग जितका लांब, सिग्नल जितके जास्त आणि चढताना तिकिटाला लागणारा वेळ जितका जास्त, तितक्या बस जोडीने धावू लागतात. पुढची बस थोडी रेंगाळली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढायला वेळ घेतात, बस आणखी रेंगाळते. मागचीला माणसंच मिळत नाहीत, ती वेगाने येऊन तिला गाठते. स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या आणि फलाटावरच तिकीट घेण्याची सोय असलेल्या लाइट रेलमध्ये हे कमी होतं. म्हणून ‘लोकांना रूळच आवडतात’ हा निष्कर्ष जपून काढा. रुळांची ओढ थोडीफार असतेही: गाडी कमी हिसके देते, मार्ग जमिनीवर डोळ्यांना दिसतो, उद्या तो गुपचूप बदलणार नाही याची खात्री वाटते. पण त्यातला मोठा वाटा बसलाही देता येतो. फ्रान्समधल्या नांत शहरात १९८५ पासून आधुनिक ट्राम आहे. २००६ मध्ये तिथे चौथा मार्ग काढताना बस निवडली, पण तिला स्वतंत्र मार्गिका, सिग्नलला प्राधान्य आणि ट्रामसारखे थांबे दिले. रूळ सोडून बाकी बहुतेक सगळं.

कार्डावर काय विचारायचं

‘तुम्ही आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नाला माणूस शहराबद्दलचं, पालिकेबद्दलचं आणि कालच्या बातमीबद्दलचं मत एकत्र करून उत्तर देतो. आत्ताच्या फेरीबद्दल विचारा. ती फेरी गाडीच्या जीपीएस नोंदीशी जोडता येते आणि मग मत व वस्तुस्थिती शेजारी-शेजारी ठेवता येतात. पुरेसं ठरेल असं कार्ड साधारण असं:

१. कुठे चढलात, कुठे उतरणार?
२. या थांब्यापर्यंत कसे आलात: चालत, दुसऱ्या बसने, रेलने, दुचाकीने, इतर?
३. थांब्यावर किती मिनिटं थांबलात?
४. बसायला जागा: लगेच मिळाली, काही वेळाने मिळाली, मिळाली नाही?
५. ही फेरी एकंदर कशी वाटली: फार वाईट, वाईट, ना चांगली ना वाईट, चांगली, फार चांगली?
६. गेल्या ३० दिवसांत यांपैकी काय घडलं: गाडी आलीच नाही; गाडी न थांबता गेली; गर्दीमुळे चढता आलं नाही; फलकावरची वेळ चुकली; कर्मचाऱ्यांचं वागणं खटकलं; अंधार पडल्यावर असुरक्षित वाटलं; काहीच नाही?
७. गेल्या सात दिवसांत किती दिवस बसने आणि किती दिवस रेलने गेलात?
८. गेल्या ३० दिवसांचा विचार करता ही सेवा एकंदर कशी?
९. वय, लिंग, घरात स्वतःचं वाहन आहे का?

मार्ग, वाहन क्रमांक, वेळ आणि गाडीतली गर्दी हे सर्वेक्षकाने लिहायचं, प्रवाशाला विचारायचं नाही.

मोजपट्टीवर ‘बरी’ हा शब्द ठेवू नका. आपल्याकडे ‘बरी आहे’ म्हणजे एकाला समाधान वाटतं, दुसऱ्याला नाइलाज, तिसऱ्याला विषय संपवण्याची रीत. मधली पायरी कोरडीच हवी. ‘कर्मचारी विनम्र आणि मदत करणारे आहेत का’ असा जोडप्रश्नही नको: विनम्र आहेत पण मदत करत नाहीत, असं म्हणणाऱ्याने टिक कुठे करायची? आणि पट्टी एकदा ठरली की वर्षानुवर्षं तीच ठेवा. पाच पायऱ्यांची सात केली की मागच्या सगळ्या वर्षांशी तुलना तुटते, मग कोणतंही गणित ती जोडून देत नाही.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं ५, १०, १५ अशीच येतील आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त येतील. ती खोटी म्हणून फेकू नका. थांबण्याचं मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा जड असतं. प्रवासाच्या अंदाजपत्रकी हिशेबातही ते सुमारे दुप्पट धरण्याची पद्धत आहे. जीपीएसनुसार सहा मिनिटं आणि प्रवाशाच्या मते दहा, हा चार मिनिटांचा फरकच उपयोगाचा. तो थांब्यानिहाय काढा. जिथे फरक जास्त तिथे बहुधा सावली नाही, दिवा नाही किंवा पुढची गाडी कधी येणार ते सांगणारा फलक नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या २०११ च्या एका अभ्यासात, फोनवर गाडीची खरी वेळ पाहणाऱ्यांना प्रतीक्षा होती तेवढीच वाटली आणि न पाहणाऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा लांब वाटली. फलकावरची वेळ चुकीची असेल तर मात्र हा फायदा उलटतो. ‘२ मिनिटं’ असं सात मिनिटं दाखवणारा फलक नसलेल्या फलकापेक्षा वाईट.

किती जणांना, कोणत्या फेऱ्यांत

हजार प्रतिसाद मिळाले की काम झालं, असं समजू नका. एकाच गाडीत बसलेल्यांचा अनुभव एकसारखा असतो; गाडी उशिरा आली तर सगळ्यांनाच. गाडीतल्या उत्तरांमधलं साम्य ०.१ धरलं (० म्हणजे साम्य नाहीच, १ म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) आणि प्रत्येक गाडीत वीस जणांना विचारलं, तर एक अधिक एकोणीस गुणिले ०.१, म्हणजे २.९ पट नुकसान. हजार कार्डांचं वजन उरतं ३४५ कार्डांएवढं आणि चुकीची मर्यादा होते ५.३ टक्के. तीच हजार कार्डं दर गाडीत पाच अशी दोनशे फेऱ्यांत घेतली तर नुकसान १.४ पट, वजन ७१४ कार्डांचं, मर्यादा ३.७. सर्वेक्षकांचा खर्च वाढतो हे खरं, पण कार्डांची संख्या वाढवण्यापेक्षा फेऱ्यांची संख्या वाढवणं बहुधा स्वस्त पडतं.

फेऱ्या निवडताना वेळापत्रकातली संपूर्ण यादी घ्या. तिचे गट पाडा: बस आणि रेल, पहाट, सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळची गर्दी, रात्र, कामाचा दिवस आणि सुट्टी. प्रत्येक गटातून नेहमी चढणाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात फेऱ्या सोडतीने उचला. आगारप्रमुखाला ‘तुम्हीच सोयीच्या गाड्या सुचवा’ असं विचारू नका. नव्या कोऱ्या गाड्या आणि गोड बोलणारे चालक पुढे येतील. निवडलेली फेरी रद्द झाली तर ती ‘रद्द’ म्हणूनच नोंदवा, तिच्या जागी पुढची फेरी घेऊ नका. रद्द फेरीचे प्रवासी सर्वांत चिडलेले असतात आणि तेच अशा बदलीत हरवतात. तिथे सर्वेक्षकाने थांब्यावरच कार्डं वाटावीत.

नंतर तिकीटयंत्रांच्या किंवा दारावरच्या मोजणीयंत्रांच्या आकड्यांनुसार प्रत्येक गटाला भार द्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाशांत त्या गटाचा जेवढा वाटा, तेवढाच निकालात धरा. कोणत्याही एका कार्डाचा भार सरासरीच्या पाचपटीवर जाऊ देऊ नका, नाहीतर रात्रीच्या फेरीतला एकच वैतागलेला माणूस अख्खा आकडा हलवेल. माणसांगणिक आकडा हवा असेल तर सातव्या प्रश्नाचा उपयोग करून वारंवारितेने, म्हणजे तो माणूस आठवड्यात जितके दिवस प्रवास करतो त्या आकड्याने, प्रत्येक कार्डाचा भार भागा.

शिवाय घरोघरी किंवा फोनवर वेगळा, लहान नमुना घ्या. त्यात मुख्य प्रश्न एकच: शेवटचा प्रवास कधी केला? या आठवड्यात, या महिन्यात, वर्षभरात, त्याआधी, की कधीच नाही? ‘वर्षभरात केला, आता करत नाही’ म्हणणारे सोन्यासारखे. कधीच न बसलेला माणूस ऐकीव सांगतो. सोडून गेलेल्याला मात्र कोणत्या दिवशी, कशामुळे सोडलं ते नेमकं आठवतं.

रेलबाबत तीन खुबी

पहिली: रेलमध्ये विचारलं की माणूस रेलबद्दलच सांगतो. पण लाइट रेल सुरू झाल्यावर तिला समांतर जाणाऱ्या बस बहुधा तोडून स्थानकाला जोडणाऱ्या छोट्या फेऱ्या केल्या जातात. पूर्वी एका बसने जाणारा आता बस, रेल, चालणं असं करतो. रेलला ‘फार चांगली’, जोडबसला ‘वाईट’, आणि त्याचा एकूण प्रवास पूर्वीपेक्षा लांबलेला. म्हणून दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाबद्दल एक प्रश्न घाला आणि गाडी बदलणाऱ्यांची उत्तरं वेगळी काढा. रेलचे ७८ आणि बसचे ६८ हे बऱ्याचदा एकाच प्रवासाचे दोन तुकडे असतात.

दुसरी: रुळावर एखादी गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या थांबतात, बस वळसा घालून जाते. त्यामुळे रेलचा अनुभव ‘बहुतेक दिवस उत्तम, महिन्यातून एक दिवस भयंकर’ असा असतो आणि सरासरीत तो दिवस बुडतो. सहावा प्रश्न त्यासाठीच आहे. रेल बंद असताना सोडलेल्या बदली बसची उत्तरं बसच्या खात्यात टाकू नका, ती रेलचीच आहेत.

तिसरी: प्रकल्पाबद्दलचं मत आणि सेवेबद्दलचं मत वेगळं ठेवा. रस्ते खणलेले असताना विचारलं तर धूळ, वळसे आणि खर्च यांबद्दलचं मत मिळतं. स्कॉटलंडमधल्या एडिनबराची ट्राम वर्षानुवर्षं रखडली, खर्च वाढला, २०१४ मध्ये सुरू झाली. त्या साऱ्या गोंधळावर सार्वजनिक चौकशी बसली आणि तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्याच वर्षी शहरातल्या न्यूहेवन भागापर्यंतचा विस्तारही सुरू झाला. ‘हा पैसा योग्य खर्च झाला का’ आणि ‘आजची ट्राम कशी होती’ या दोन प्रश्नांना एकच माणूस विरुद्ध उत्तरं देऊ शकतो, आणि दोन्ही प्रामाणिक असतात.

आधी काय सुधारायचं

‘तुमच्यासाठी काय महत्त्वाचं?’ असं विचारू नका. सगळे सगळ्याला महत्त्वाचं म्हणतात. त्याऐवजी साधा गुणाकार करा: एखादी अडचण किती टक्के लोकांना आली, आणि ती आलेल्यांचा आठव्या प्रश्नातला एकंदर गुण (‘फार वाईट’ला १, ‘फार चांगली’ला ५) न आलेल्यांपेक्षा किती खाली आहे. गर्दीमुळे चढता न आलेले २० टक्के आणि गुणांत घट १.४, तर गुणाकार ०.२८. वागणं खटकलेले ६ टक्के, घट १.८, गुणाकार ०.११. दुसरी अडचण जिव्हारी जास्त लागते, चर्चाही तिचीच होते, पण एकूण मत खाली ओढते ती पहिली. हाच हिशेब बस आणि रेलसाठी वेगळा करा, क्रम हमखास बदलेल. असुरक्षिततेला मात्र या गणितात रांगेत उभं करू नका. तिचा गुणाकार लहान आला तरी ते काम आधी करायचं; घाबरून प्रवास सोडलेले या हिशेबात नाहीतच.

आता तक्रारी. त्या वाढल्या म्हणजे सेवा बिघडली असं नाही आणि बिघडली नाही असंही नाही. आधी प्रत्येक एक लाख चढणाऱ्यांमागे तक्रारी किती ते काढा. प्रवासी वाढले असतील तर तक्रारी वाढणारच. मग त्या कोणत्या वाटेने आल्या ते पाहा. ॲपमध्ये तक्रारीचं बटण नव्याने दिलं की आकडा उसळतो, कारण पूर्वी मनात राहणारं आता दोन टिचक्यांत नोंदलं जातं. अशा वेळी फक्त जुन्या वाटांनी, म्हणजे फोनने आणि पत्राने आलेल्या तक्रारींचा आलेख वेगळा काढा. त्यानंतर प्रत्येक तक्रारीला मार्ग, थांबा, वेळ आणि प्रकार असे चार रकाने द्या. प्रकार पंधरा-वीसहून जास्त नकोत, आणि एका तक्रारीला दोन प्रकार लागू शकतात. सुरुवातीच्या शंभर तक्रारी दोन माणसांनी स्वतंत्रपणे वर्गीकृत करून बघाव्यात. जिथे दोघांचं जमत नाही तिथे प्रकाराची व्याख्याच ढिली आहे. एकच माणूस महिन्यात तीस तक्रारी करत असेल तर तक्रारी तीस आणि तक्रारदार एक, असे दोन्ही आकडे ठेवा. आणि त्याचं म्हणणं वाचा, रोज एकाच थांब्यावर उभा राहणारा तो फुकटचा निरीक्षक आहे.

तक्रारी टक्केवारी सांगत नाहीत, जागा आणि वेळ सांगतात. सर्वेक्षण टक्केवारी सांगतं, जागा सांगत नाही. मार्गानिहाय समाधानाची यादी छापायचा मोह टाळा: एका मार्गाचे ३० प्रतिसाद असतील तर चुकीची मर्यादा वर-खाली १८ टक्के. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकाचे मार्ग सहज अदलाबदल होऊ शकतात, आणि तोवर दहाव्या मार्गाच्या चालकांना नोटिसा गेलेल्या असतात.

मार्ग बदलण्याआधीच्या जनसुनावणीत मत घ्यायचं असेल तर आणखी एक पथ्य. ज्याचा थांबा जाणार आहे त्याला नुकसान आजच दिसतं, म्हणून तो येतो. ज्याची बस वीसऐवजी दहा मिनिटांनी येणार आहे त्याला ते अजून ठाऊकच नाही. ‘थांबा काढावा का?’ असं विचारलं की उत्तर नाहीच येणार. दोन्ही बाजू एकत्र मांडा: ‘तीन मिनिटं जास्त चालायचं आणि पाच मिनिटं कमी थांबायचं, की आहे तसंच?’ अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने ऑगस्ट २०१५ मध्ये जवळजवळ सगळं बसजाळं एका फटक्यात बदललं. त्याआधी नेमकी हीच निवड समोर ठेवली होती: गाड्या जास्त माणसं जिथे आहेत तिथे दाट चालवायच्या, की थोड्या-थोड्या सगळीकडे.

यंदा पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मोठं वार्षिक सर्वेक्षण रद्द करा. बस आणि रेलच्या जीपीएस नोंदींतून थांब्यानिहाय जादा प्रतीक्षा दर आठवड्याला काढा, तक्रारींचे चार रकाने भरून त्याच नकाशावर टाका, आणि जिथे दोन्ही गडद दिसतात त्या थांब्यांवर गर्दीच्या वेळी कार्डं वाटा. उरलेल्या शहरासाठी तीन-तीन महिन्यांनी, दरवर्षी त्याच चार महिन्यांत, परीक्षा आणि सुट्ट्या टाळून, छोटा नमुना पुरे. असे चार नमुने झाले की ७८ आणि ६८ यांच्यातलं अंतर किती खरं होतं ते कळेल.